पॅराशूट उघडेल, पॉलिसीचं काय?

पहिल्यांदा स्कायडायव्हिंग करायला गेलेल्या माणसाकडून, मग तो दुबईच्या पाम जुमेराला गेलेला असो की हरयाणात नारनौलजवळच्या बाछोदच्या धावपट्टीवर, दोन गोष्टी आधी करून घेतात. त्याला वजनकाट्यावर उभं करतात आणि एका लांबलचक कागदावर त्याच्या सह्या घेतात. वजनाचं कारण कुणालाही कळतं, कारण दोन माणसं एकाच छत्रीखाली उतरणार असतात. कागद मात्र फारसं कुणी वाचत नाही. त्यात साधारण असं असतं की, या खेळात जीव जाऊ शकतो हे मला ठाऊक आहे, मी स्वखुशीने उडी मारतोय, आणि काही बरंवाईट झालं तर मी किंवा माझे वारस तुम्हाला जबाबदार धरणार नाही.

सही करताना 'वारस' या शब्दावर पेन थोडं अडखळतं आणि घरच्या कपाटातली विम्याची फाइल आठवते. आपण धडधडीत चालत्या विमानातून उडी मारणार, तीही हौसेने, पैसे मोजून. अशा मृत्यूचे पैसे विमा कंपनी कशाला देईल? ऑफिसातला मित्र छातीठोकपणे सांगतो, "अरे, ॲडव्हेंचर स्पोर्ट्सला एक पैसा मिळत नाही." एजंटकाकांना फोन केला तर ते म्हणतात, "काही काळजी करू नकोस, सगळं कव्हर आहे." दोघंही निम्मं बरोबर आहेत, आणि दोघांचं निम्मं-निम्मं जोडून पूर्ण उत्तर तयार होत नाही.

आधी त्या सहीच्या कागदाचं बघू, कारण त्याची भीती उगाच घेतली जाते. तो करार तुमच्यात आणि उडी मारून देणाऱ्या कंपनीत असतो. तुमची विमा कंपनी त्यात कुठेच नसते. वारसांनी उडीवाल्या कंपनीकडे नुकसानभरपाई मागितली तर तो कागद त्यांच्यासमोर धरला जाईल. कंपनीचा ढळढळीत निष्काळजीपणा असेल तर त्या कागदाला किती किंमत द्यायची, हे त्या-त्या देशाचं कोर्ट ठरवेल. आयुर्विम्याचा दावा हा वेगळा विषय. 'धोका मला माहीत होता' असं लिहून दिल्यामुळे तो कमी होत नाही. धोका माहीत असतो म्हणूनच तर माणूस विमा घेतो.

आता फाइल उघडू. 'माझा विमा आहे' असं आपण एका दमात म्हणतो, पण सरासरी मध्यमवर्गीय घरात त्या नावाखाली चार-पाच निरनिराळे कागद असतात. एक टर्म प्लॅन असतो किंवा एलआयसीची जुनी एंडोमेंट, तिला चिकटवलेला अपघाती मृत्यूचा रायडर, नोकरीच्या ठिकाणचा ग्रुप इन्शुरन्स, मेडिक्लेम आणि परदेशी जाताना घेतलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स. उडीबद्दल प्रत्येकाचं म्हणणं वेगळं असतं.

मूळ आयुर्विम्याचं म्हणणं सगळ्यांत सरळ आहे. आपल्याकडच्या साध्या टर्म प्लॅनमध्ये मृत्यूचं कारण सहसा विचारातच घेतलं जात नाही. आजार, अपघात, पूर, वीज, कशानेही मृत्यू झाला तरी विमा रक्कम मिळते. ठळक अपवाद एकच, पहिल्या बारा महिन्यांतली आत्महत्या. तेव्हाही भरलेल्या हप्त्यांपैकी किमान ८० टक्के परत मिळतात. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, १ जानेवारी २०२१पासून सगळ्या कंपन्यांना 'सरल जीवन विमा' नावाची एकसारखी टर्म पॉलिसी विकायला लावली. तिच्यातही आत्महत्येखेरीज कोणताही अपवाद ठेवलेला नाही. गंमत अशी की या पॉलिसीचे पहिले ४५ दिवस फक्त अपघाती मृत्यूच धरला जातो. बँकेच्या खात्यातून दरवर्षी ४३६ रुपये कापून जाणारी प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना अनेकांच्या लक्षातही नसते. तिचे दोन लाखही कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूला लागू असतात. तेव्हा पॉलिसी देताना कंपनीने तुमच्या छंदाबद्दल वेगळी अट घातली नसेल, तर स्कायडायव्हिंगमध्ये आलेलं मरण हे मूळ आयुर्विम्याच्या लेखी इतर मरणांसारखंच एक मरण.

गाडी अडते ती रायडरपाशी. वर्षाला थोडे पैसे जास्त भरा, अपघाती मृत्यू झाला तर दुप्पट रक्कम, असं सांगून हा रायडर विकला जातो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतो तो ट्रक किंवा लोकलचा दरवाजा. पण याच रायडरच्या अटींत वगळलेल्या गोष्टींची यादी लांब असते, आणि ती पॉलिसीच्या शेवटच्या पानांत, बारीक टाइपात बसलेली असते. एलआयसीच्या अपघात लाभाच्या कलमात दंगल, युद्ध, शिकार, गिर्यारोहण, अडथळ्यांची घोडदौड आणि कसल्याही शर्यती यांच्या ओळीतच पॅराग्लायडिंग, पॅराशूटिंग आणि साहसी खेळ येऊन बसले आहेत. नशेत झालेला अपघात त्याच यादीत आहे आणि कायदा मोडताना झालेलाही.

विमान प्रवासाबद्दलची त्यातली एक जुनी अट तर सावकाश वाचण्यासारखी आहे. विमानात तुम्ही केवळ प्रवासी असाल, विमानाला प्रवासी नेण्याची परवानगी असेल, ते एका अधिकृत विमानतळावरून दुसऱ्याकडे जात असेल, तर अपघात लाभ मिळेल. मात्र त्या वेळी विमानात तुमच्यावर कसलंही काम सोपवलेलं नसावं, आणि विमानातून खाली उतरावं लागेल असंही काही काम नसावं. ही शेवटची अट लिहिणाऱ्याच्या मनात छत्रीधारी सैनिक असावेत, पर्यटक नक्कीच नसणार. पण तिच्यात स्कायडायव्हरही अलगद सापडतो. तो तिकीट काढून बसलेला असतो, विमानाला परवानगी असते, वैमानिक कसलेला असतो; मात्र हा प्रवासी विमान उतरायची वाट न पाहताच उतरणार असतो. शिवाय ते विमान एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातच नाही. ज्या धावपट्टीवरून उडालं तिच्यावरच ते रिकामं परततं. 'मी तर भाडं भरलेला प्रवासी होतो' हा युक्तिवाद म्हणूनच दोन्ही बाजूंनी लंगडा पडतो.

हिशेब मांडून पाहिला की चित्र स्पष्ट होतं. मूळ विमा ५० लाखांचा आणि अपघाती रायडर आणखी ५० लाखांचा असेल, तर रस्त्यावरच्या अपघातात घरच्यांना एक कोटी मिळतील आणि स्कायडायव्हिंगमध्ये ५० लाख. मित्राने ऐकलेली 'एक पैसा मिळाला नाही' ही गोष्ट बहुतेक वेळा या दुसऱ्या ५० लाखांची असते. सांगता-सांगता पहिले ५० गोष्टीतून गळून जातात.

'अपघात' म्हणजे काय, यावरही कोर्टात बराच काथ्याकूट झाला आहे. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर मोटरसायकलवरून पडून मरण पावलेल्या माणसाचं प्रकरण आलं. तपासात मृत्यूचं कारण निघालं हृदयविकाराचा झटका. बाह्य, जोरकस आणि दिसू शकेल अशा कारणाने इजा झाल्याचा पुरावा नसेल तर अपघात लाभ देता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. त्याच वर्षी मोझांबिकमध्ये मलेरियाने झालेला मृत्यू अपघात ठरत नाही, असंही न्यायालयाने म्हटलं, डास अनपेक्षितपणे चावलेला असला तरी. पहिल्या उडीच्या संदर्भात याचा अर्थ असा की, हवेतच कुणाचं हृदय बंद पडलं तर तो अपघात होता की आजार, हा प्रश्न मूळ विम्याला पडत नाही आणि रायडरला दोन्ही बाजूंनी पडतो. आजार म्हणाल तर अपघात नाही. अपघात म्हणाल तर पॅराशूटिंग वगळलेलं.

इथपर्यंतचं सगळं पॉलिसीच्या अटींत छापलेलं असतं, वाचून कळतं. खरी मेख पॉलिसी घेण्याच्या दिवशी भरलेल्या प्रपोजल फॉर्ममध्ये असते. तिथे आरोग्य, व्यवसाय, तंबाखू, आई-वडिलांचे आजार यांच्या पाठोपाठ एक प्रश्न येतो. तुम्ही धोक्याचे छंद किंवा खेळ करता का, किंवा नजीकच्या काळात करणार आहात का? उदाहरणादाखल गिर्यारोहण, खोल समुद्रात बुडी, मोटार शर्यती, प्रवासी म्हणून सोडून इतर प्रकारचं उड्डाण. या रकान्यात आपल्याकडे जवळपास प्रत्येक जण 'नाही' लिहितो. खरं तर लिहितही नाही. एजंट भराभर सगळीकडे 'नाही'वर खुणा करत जातो आणि शेवटी "इथे, इथे आणि इथे सही" म्हणतो. आपल्या विमाव्यवहारातली ही सगळ्यांत घातक सवय आहे, असं माझं मत आहे. फॉर्म एजंटने भरला, मी नुसती सही केली, हा बचाव टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्याच आणखी एका निकालात ते स्वच्छ सांगितलं. सही करणाऱ्याने मजकूर मान्य केला, असंच धरलं जातं.

प्रश्न नीट वाचला तर उत्तर अवघड नसतं. पाच-सात वर्षांपूर्वी पॉलिसी घेतली, तेव्हा उडीचा विचारही डोक्यात नव्हता, 'नाही' असं खरंच उत्तर दिलं, आणि आता पट्टायाला जाऊन एक उडी मारायची आहे. अशा माणसाने काहीच लपवलेलं नाही. आयुर्विम्याचा करार प्रस्तावाच्या वेळच्या परिस्थितीवर उभा असतो. नंतर लागलेल्या छंदाबद्दल कंपनीला कळवायचं बंधन साधारणपणे नसतं, पॉलिसीच्या अटींत तसं लिहिलं असेल तरच असतं. वैयक्तिक अपघात विम्याच्या पॉलिसींत व्यवसाय बदलल्यास कळवा अशी अट पुष्कळदा सापडते, म्हणून ती वेगळी तपासावी. याउलट उडीचं बुकिंग झालेलं आहे, आणि त्याच आठवड्यात, बहुधा त्या उडीच्याच धसक्याने, माणूस ऑनलाइन टर्म प्लॅन घेतोय, तर 'करणार आहात का' याचं खरं उत्तर 'हो' आहे. अर्ज भरला तेव्हा बेत नव्हता, पण पॉलिसी मंजूर व्हायच्या आत ठरला, तरी ते कळवायचं असतं.

लॅप्स झालेली पॉलिसी पुन्हा चालू करतानाही तसंच. हप्ते थकले, मग दोन वर्षांनी व्याजासकट भरून पॉलिसी जिवंत केली, की कंपनी नव्याने आरोग्याचं आणि इतर गोष्टींचं घोषणापत्र घेते. तिथे दिलेलं उत्तर जुन्या फॉर्मइतकंच बांधील असतं, आणि कायद्याचं घड्याळही तिथून नव्याने सुरू होतं.

ते घड्याळ विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ मध्ये आहे. २०१५च्या दुरुस्तीनंतर त्याचं म्हणणं असं. पॉलिसी दिल्याची, जोखीम सुरू झाल्याची, पॉलिसी पुनरुज्जीवित केल्याची किंवा रायडर जोडल्याची, यांतली जी तारीख सर्वांत शेवटची, तिच्यापासून तीन वर्षं उलटली की कंपनीला कोणत्याही कारणाने त्या पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. कोणत्याही कारणाने, म्हणजे फसवणुकीच्याही नाही. तीन वर्षांच्या आत मात्र कंपनी चौकशी करते आणि खोटं उत्तर सापडलं तर दावा नाकारू शकते. इथे कायद्याने दोन पातळ्या केल्या आहेत. निव्वळ चुकीची माहिती असेल तर पॉलिसी रद्द होते, पण भरलेले हप्ते ९० दिवसांत परत करावे लागतात. शिवाय ती माहिती जोखमीशी थेट संबंधित होती आणि ती कळली असती तर आपण ही पॉलिसी दिलीच नसती, हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. मुद्दाम फसवणूक केल्याचा आरोप असेल तर हप्तेही बुडतात. आणि विमाधारक हयात नसेल तर 'त्याने फसवलं नव्हतं' हे सिद्ध करायची जबाबदारी वारसांवर येते. ज्या बाईला नवऱ्याच्या छंदांची यादीही पूर्ण माहीत नसेल, तिने त्याच्या मनातला हेतू कोर्टात सिद्ध करायचा, अशी ही तरतूद आहे.

कलम ४५ बद्दल एक गैरसमज इतका पसरलेला आहे की काही एजंटही तो बिनदिक्कत सांगतात. तीन वर्षं झाली, आता सगळं मिळणार! मिळत नाही. तीन वर्षांनंतर कंपनी तुमच्या उत्तरांवर बोट ठेवू शकत नाही, इतकंच. रायडरमधून पॅराशूटिंग वगळलेलं असेल तर ते तेराव्या वर्षीही वगळलेलंच राहतं. उत्तरातला खोटेपणा काळानुसार माफ होतो, करारातली अट होत नाही.

दुसऱ्या बाजूने, प्रत्येक न सांगितलेली गोष्ट दावा बुडवतेच असंही नाही. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने एलआयसीविरुद्धच्या एका प्रकरणात दावा मंजूर केला. विमाधारकाने आपलं पाठीच्या मणक्याचं दुखणं सांगितलं नव्हतं, पण मृत्यू हृदयविकाराने झाला होता. लपवलेलं दुखणं जीवघेणं नव्हतं आणि मृत्यूशी त्याचा संबंधही नव्हता, म्हणून न्यायालय कुटुंबाच्या बाजूने उभं राहिलं. ज्याने उडीच लपवली आणि उडीतच जीव गमावला, त्याच्या घरच्यांना या निकालाचा आधार मिळणार नाही, हेही उघड आहे.

मग फॉर्ममध्ये 'हो' लिहिलं तर काय होतं? लोकांना वाटतं पॉलिसी नाकारतील. तसं सहसा होत नाही. कंपनीचा अंडररायटर, म्हणजे जोखीम जोखणारा माणूस, पुढचे प्रश्न पाठवतो. किती उड्या मारल्या, वर्षाला किती मारणार, एकट्याने की प्रशिक्षकासोबत, कोणत्या देशात, संस्थेला परवाना आहे का, स्पर्धेत किंवा पैशासाठी उडी मारता का. सहलीतली एकच टँडम, म्हणजे प्रशिक्षकाला जोडून घेऊन मारलेली उडी, पुढे काही बेत नाही, असं उत्तर असेल तर बहुतेक अंडररायटर ती नोंदवून पुढे जातात. हप्ता वाढवायला ते सहसा पुरेसं कारण नसतं. नियमित उड्या असतील तर दोनच वाटा असतात. एक, स्कायडायव्हिंगमुळे आलेला मृत्यू या पॉलिसीतून वगळला, अशी खास अट. दुसरी, जादा हप्ता. हा जादा हप्ता विमा रकमेच्या हजारी मोजतात. समजा हजारी अडीच रुपये लावले, तर एक कोटीच्या पॉलिसीत दहा हजार 'हजार' असल्यामुळे वर्षाला २५,००० रुपये वाढतात.

हा आकडा वरवर जुलमी वाटतो, म्हणून त्यामागचं गणित पाहायला हवं. अमेरिकेच्या युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनने २०२३ सालचे आकडे दिले ते असे. सुमारे ३६.५ लाख उड्या आणि १० मृत्यू. म्हणजे साधारण तीन लाख ६५ हजार उड्यांमागे एक. आपल्याकडच्या विमाधारकांच्या मृत्युकोष्टकात तिशीतल्या माणसाचा वर्षभरात मृत्यू होण्याचं प्रमाण हजारी जवळपास एक धरलेलं आहे. एका उडीने त्या 'हजारी एक'मध्ये भर पडते ती ०.००२७ची. कोणत्याही हप्त्याच्या कोष्टकात ही भर दिसणारही नाही. पण तोच माणूस वर्षाला शंभर उड्या मारू लागला तर भर होते ०.२७, म्हणजे जोखीम सव्वापट. हजार उड्या मारणारा टँडम प्रशिक्षक असेल तर पावणेचारपट. हा ठोकताळाच आहे. सरासरीत नवखे, स्पर्धक, लहान छत्री घेऊन वेगाने उतरणारे हौशी, सगळे एकत्र मिसळलेले असतात. तरी अंडररायटरची नजर एका उडीवर नसून सवयीवर का असते, ते यातून समजतं. पुण्याच्या शीतल महाजन यांचं उदाहरण या दृष्टीने बघण्यासारखं आहे. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी आयुष्यातली पहिलीच उडी मारली ती थेट उत्तर ध्रुवावर, हेलिकॉप्टरमधून, एकटीने. पुढे शेकडो उड्या झाल्या. त्यांतली फेब्रुवारी २०१८ मधली, पट्टायाला नऊवारी नेसून मारलेली उडी महाराष्ट्रात घराघरांत पोचली. असं आयुष्य आणि वाढदिवसाला भेट म्हणून मिळालेली एक टँडम उडी, या दोन्हींसाठी फॉर्मवर रकाना मात्र एकच असतो.

टँडम उडीत नवख्याला करायचं असतं फार थोडं, आणि तिची जोखीम कमी असण्याचं कारण तेच आहे. त्याचा पट्टा दोन खांदे आणि कंबरेच्या दोन बाजू अशा चार ठिकाणी प्रशिक्षकाच्या पट्ट्याला जोडलेला असतो. तेरा हजार फुटांवरून बाहेर पडल्यावर लगेच मागे एक छोटी छत्री सोडतात, नाहीतर दोघांच्या वजनामुळे पडण्याचा वेग फारच वाढेल. पाऊण ते एक मिनिट ताशी १९०-२०० किलोमीटरच्या आसपास पडणं, मग पाच-साडेपाच हजार फुटांवर मुख्य छत्री. ती बिघडली तर राखीव छत्री, आणि प्रशिक्षकच बेशुद्ध पडला तर ठरावीक उंचीखाली वेग जास्त आहे हे ओळखून राखीव छत्री आपोआप उघडणारं यंत्र. शेवटची पाच मिनिटं शांतपणे तरंगत खाली यायचं. जमीन जवळ आली की प्रशिक्षक ओरडतो, "पाय वर!" तेवढी एक गोष्ट पाहुण्याने स्वतः करायची असते.

आणि दुखापती होतात त्या तिथेच. पाय वर उचलायला उशीर झाला की घोटा मुरगळतो, मोडतो, किंवा माकडहाडावर आपटी बसते. म्हणजे पहिल्या उडीत उपयोगी पडण्याची शक्यता जास्त असलेला कागद आयुर्विम्याचा नसून मेडिक्लेमचा किंवा ट्रॅव्हल इन्शुरन्सचा असतो. तिकडे लोक ढुंकूनही पाहत नाहीत. भारतातल्या मेडिक्लेमबाबत एक दिलासा आहे. आयआरडीएआयने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून वगळायच्या गोष्टींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात साहसी खेळांचं कलम आहे आणि स्कायडायव्हिंगचं नावही आहे. पण वगळला आहे तो व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेल्या इजेवरचा खर्च. सहलीला गेलेला पाहुणा व्यावसायिक नसतो. क्लेम डेस्कवरच्या मुलाने 'स्कायडायव्हिंग? नाही बसत' म्हणून फाइल परत केली, तर हे कलम त्याला वाचून दाखवायला हरकत नाही.

परदेशात मात्र हा मेडिक्लेम बहुधा लागू नसतो, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या साध्या पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले असतात. जादा पैसे भरून त्यांचं कव्हर घेता येतं. तेही कधी फक्त ठरावीक खेळांना, कधी परवानाधारक संस्थेसोबतच. व्हिसासाठी मिळाला तो स्वस्त ट्रॅव्हल इन्शुरन्स उचलून दुबईला जाणाऱ्याचा घोटा म्हणूनच बऱ्यापैकी महाग पडू शकतो. न्यूझीलंड याला सुखद अपवाद आहे. तिथे १ एप्रिल १९७४पासून सरकारी अपघात भरपाई योजना चालू आहे. चूक कुणाची हे न विचारता ती उपचारांचा खर्च उचलते, आणि देशात आलेल्या पर्यटकांनाही ती लागू आहे. बदल्यात दुखापतीच्या भरपाईसाठी कोर्टात दावा लावण्याचा हक्क सोडावा लागतो. तिथल्या क्वीन्सटाउनला साहसी खेळांची एवढी दुकानं का फुलली, याचं एक कारण या कायद्यातही असावं, असं मला वाटतं.

महाराष्ट्र-गोव्यात स्कायडायव्हिंगपेक्षा कामशेत-पाचगणीचं पॅराग्लायडिंग जास्त चालतं, आणि विम्याच्या कलमांत दोन्ही शेजारी-शेजारी बसतात. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात केरीच्या पठारावरून उडालेल्या ग्लायडरमधली पर्यटक आणि तिचा पायलट दोघेही दगावले. उड्डाण चालवणाऱ्यांकडे परवानगीच नव्हती, असं तपासात पुढे आलं. अशा ठिकाणी संस्थेचा परवाना विचारणं आपल्या जिवासाठी तर आहेच, कागदांसाठीही आहे. ट्रॅव्हल किंवा अपघात विम्याचं उरलंसुरलं कव्हर परवान्याच्या अटीवरच उभं असू शकतं.

उडीच्या आधी करायचं काम पंधरा मिनिटांचं आहे. प्रत्येक विमा कंपनीला एक ईमेल. अमुक तारखेला, अमुक देशात, प्रशिक्षकासोबत एक टँडम उडी मारणार आहे; माझ्या या क्रमांकाच्या पॉलिसीत आणि रायडरमध्ये ती धरलेली आहे का, आणि नसेल तर कोणत्या कलमानुसार? फोनवरचं 'हो हो सर' पुढे उपयोगी पडत नाही, लेखी उत्तर पडतं. ऑफिसच्या ग्रुप इन्शुरन्ससाठी हाच प्रश्न एचआरला विचारायचा, कारण मास्टर पॉलिसी त्यांच्याकडे असते. नवी पॉलिसी आली असेल आणि फॉर्ममधलं उत्तर चुकलंय असं लक्षात आलं, तर ३० दिवसांच्या फ्री लुक मुदतीत ती परतही करता येते, किंवा कंपनीला लेखी कळवून उत्तर दुरुस्त करून घेता येतं.

परदेशात काही घडलंच तर घरच्यांना तिथला मृत्यूचा दाखला, पोलिसांचा आणि शवविच्छेदनाचा अहवाल आणि भारतीय दूतावासात केलेली मृत्यूची नोंद, एवढे कागद गोळा करावे लागतात. पॉलिसी तीन वर्षांच्या आतली असेल तर चौकशी होणार हे धरूनच चालायचं. दावा नाकारला आणि कारण पटलं नाही, तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जायचं आणि तिथून नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे त्यांची कार्यालयं आहेत. तिथे ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, फी नसते आणि वकील उभा करता येत नाही. लोकपालांचा निवाडा विमा कंपनीला पाळावाच लागतो. तक्रारदाराला तो पटला नाही, तर ग्राहक आयोगाचा दरवाजा त्याच्यासाठी उघडाच असतो.